मोट सांधली का?

ही गोष्ट खरी आहे. मी रचलेली असती, तर निदान शेवट तरी नीट जुळवला असता.

घडली ती माझ्या मावसबहिणीच्या, सुगंधाच्या, बाबतीत. अशा गोष्टी रात्रीच्या असतात, अमावास्येच्या असतात. ही भर दुपारची आहे. साल दोन हजार सोळा, वैशाखाचं ऊन. टँकर आला तरच घागर भरायची, तो उन्हाळा. जागा दौलताबादच्या पायथ्याची. मान वर केली की किल्ला दिसतो, असं शेत. याहून जास्त पत्ता मी देणार नाही.

लिहू का, असं सुगंधाला विचारलं होतं. 

ती म्हणाली, "लिही. पण मला चांगली दाखवू नकोस."

सुगंधाचं घर बजाजनगरात. नवरा बद्रीनाथ वाळूजच्या एका कंपनीत सुपरवायझर. शेतावर सासू, सारजाबाई, आणि जुना गडी कडूबा, असे दोघंच राहायचे. बद्रीनाथच्या डोक्यात आलं, येत्या हिवाळ्यात शेतावर हुरडा पार्टी सुरू करायची. शहरातली माणसं येतील, बाजेवर बसतील, हुरडा खातील. त्यासाठी पत्र्याची एक लांब शेड बांधून झाली होती. तिच्या भिंतीवर जुन्या वस्तू लावायच्या होत्या. कंदील, जातं, गाडीचं चाक, असं काहीबाही.

ते काम सुगंधानं हौसेनं अंगावर घेतलं आणि उन्हाळाभर शेतावर राहायला आली. कडेवर लेक मुक्ता. वर्षाची व्हायची होती अजून.

सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "या उन्हात लेकराला कशाला आणलंस गं? भिंती काय पळून चालल्या व्हत्या?"

"काळजी घेईन मी, आत्याबाई."

काळजी ती घ्यायचीच. सुगंधा म्हणजे लेकराचा श्वास मोजत बसणारी बाई. मुक्ता झोपली की नाकापुढं बोट धरून बघायची. पण भिंतीचीही हौस होती. खरं सांगायचं तर, लेकरू उन्हात आलं ते त्या हौसेपायी. ही टोचणी तिला अगदी सुरुवातीपासून होती.

गोठ्याच्या माळ्यावर तिला ते सापडलं.

आधी कळेचना काय आहे. राखाडी, सुरकुतलेलं, आकसलेलं. एखादं जनावर उन्हात मरून वाळून जावं, तसं. हात लावला तर लाकडासारखं वाजलं.

कडूबानं खालून बघितलं आणि डोक्यावरची टोपी मागं सारली.

"आरं तिच्या... ही तर मोट हाय!"

मोट म्हणजे विहिरीतून पाणी काढायची चामड्याची भली मोठी पिशवी. बैल उतारावरून ओढत जायचे, मोट वर यायची आणि तिच्या सोंडेतून पाणी दगडी हौदात पडायचं. त्या हौदाला थारोळं म्हणतात. तिथून पाट शेतात. ही विहीर बद्रीनाथच्या आजोबांनी पोलीस ॲक्शन झाली त्या साली, अठ्ठेचाळीसला, खोदली. कडूबानं स्वतः या मोटेवर बैल हाकले होते.

"कशी वाळली हो अशी?" सुगंधानं विचारलं.

"वाळंल नायतर काय! चामडं हाय ते. त्याला तेल पाजावं लागतं. आमी वरसातून दोनदा पाजायचो. हिला बाहत्तरपासून थेंब नाय."

"का बरं?"

कडूबा खोकला. "इंजिन आलं ना मंग," एवढं म्हणाला आणि बैलांकडं निघून गेला.

सारजाबाई दारात सूप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मोट बघितली. चेहरा दगडासारखा झाला.

"टाकून दे ती."

"अहो, भिंतीवर काय शोभेल! तेल लावून मऊ करते मी."

"मेलेलं कातडं हाय ते. घरात लेकरू हाय. टाक म्हणते ना."

सुगंधा शिकलेली. तिला वाटलं, जुन्या माणसांचा विटाळ असतो तसला. तिनं हसून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर बद्रीनाथच्या मागं बसून ती शहरात, शहागंजच्या बाजारात, गेली. एरंडेल घेतलं, मधमाशांचं मेण घेतलं. एका चपलांच्या दुकानात मोटेचा फोटो दाखवला. दुकानदारानं फोन डोळ्यांजवळ धरला, लांब धरला.

"मॅडम, ये चमडा नै रह्या. पापड हो गया. तल के खाव."

बद्रीनाथ खो खो हसला. सुगंधाला राग आला.

"नीट होईल का, ते सांगा ना भैया."

"हौ, होता ना. पानी में डुबाव नक्को, धूप में रखो नक्को. थोडा-थोडा तेल. चमडा मरता नै मॅडम, रूसता है. मनाना पडता."

तेच सगळं तिनं फोनवर बघूनही ठेवलं होतं. कुणी घोड्याचं खोगीर मऊ करतं, कुणी आजोबांची बॅग. घाई करायची नाही, एवढाच त्यातला मंत्र.

रोज दुपारी मुक्ता झोपली की सुगंधा शेडमध्ये बसायची. आधी ब्रशनं धूळ काढली. मग पिळलेल्या फडक्यानं पुसून सावलीत वाळू दिलं. मग कोमट तेल बोटांनी थोडं थोडं चोळायचं. सुरुवातीला चामडं काही घेईना. तेल वर तसंच चमकत राही. मग हळूहळू जिरायला लागलं. राखाडीचा रंग खजुरासारखा होत गेला. जिथं बोट बसत नव्हतं, तिथं घडी पडायला लागली.

तिला त्याचा नादच लागला.

पुसता पुसता तिनं मोटेचा इंच न् इंच तपासला. शिवण तपासली. सोंड उलटी करून बघितली. आणि आनंदानं अंगणात ओरडली,

"आत्याबाई, बघा तरी! एवढी जुनी मोट, पण कुठ्ठं फाटलेली नाही!"

सारजाबाई गहू पाखडत होत्या.

त्यांच्या हातातलं सूप... तिथल्या तिथं थांबलं.

उठल्या आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसल्या. गहू अंगणात तसेच. कोंबड्या येऊन खाऊन गेल्या.

त्यानंतर एकेक सुरू झालं.

आदल्या दुपारी तेल पाजलेला भाग दुसऱ्या दुपारी... कोरडा. पांढरा पडलेला. जणू तेलाचं बोटही लागलं नव्हतं. सुगंधा म्हणाली, ऊन फार आहे. आणखी तेल घातलं.

मग एकदा मोट उचलली, तर खालच्या फरशीवर... ओल.

तिला वाटलं तेल गळलं असेल. बोट लावून हुंगलं.

तेल नव्हतं. पाणी होतं. गाळाचा, शेवाळाचा वास. विहिरीचा.

विहीर तर होळीच्या आधीच आटली होती. तळाशी भेगा पडल्या होत्या.

आणि मग मुक्ताचे ओठ फुटले.

आधी नुसते कोरडे. मग चिरा. पोर सारखं पाणी मागायला लागलं. वाटी तोंडाला लावली की सोडायचं नाही. दूध, पाणी, ताक, सगळं प्यायचं, आणि घटकाभरात जीभ परत कागदासारखी. शहरातल्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, ऊन आहे, साखर-मिठाचं पाणी देत राहा, लघवी होते का तेवढं बघत राहा.

सुगंधा बघत राहिली. दिवसभर लंगोट चाचपत राहिली.

पण दुपारी पोर डोळे मिटून पडलं की पाय आपसूक शेडकडं वळायचे. तिला स्वतःलाही कळायचं नाही. ती म्हणते, "मी तेव्हा दोन गोष्टी शेजारी शेजारी बघत होते गं. एक मऊ होत होती आणि एक वाळत होती. तरी मला दिसलं नाही."

त्या दुपारी वारा नव्हता. चिमण्या नव्हत्या. समोरच्या रस्त्याचं रुंदीकरण चाललं होतं, त्या मशीनचा आवाजही बंद होता. कुत्रं बाजेखाली पडलं होतं.

सुगंधा तेल चोळत होती. तेवढ्यात विहिरीकडून...

कुर्र... कुर्र...

लाकडी चाक फिरावं तसं. ती उठून बघायला लागली. विहिरीवर चाक नव्हतंच. कधीच मोडून गेलेलं. नुसते दोन दगडी खांब.

ती वळली, तर शेडच्या तोंडाशी एक बाई उभी.

पंचविशीची असेल. केसांवर, भुवयांवर दगडाची पांढरी भुकटी. दोन्ही तळहातांना चिंध्या गुंडाळलेल्या. डाव्या काखेत फडक्यात बांधलेलं लेकरू. रस्त्याच्या कामावरची मजूरबाई असणार, असं सुगंधाला वाटलं.

"बाई," ती हळू आवाजात म्हणाली. "मोट सांधली का?"

सुगंधाला तो प्रश्न विचित्रही वाटला नाही. कडूबानं गावभर सांगितलं असणार, सूनबाई मोट दुरुस्त करतायत म्हणून.

"सांधायची कशाला? फाटलेली नाहीच ती," सुगंधा हौसेनं म्हणाली. "नुसती वाळली होती. हे बघा, आता कशी मऊ झाली!"

बाई मोटेकडं बघत राहिली.

"फाटली नव्हती?"

"छे हो. कधीच नव्हती. मी सगळी तपासली ना."

बाईनं लेकरू काखेत जरा वर सरकवलं. त्या फडक्यातून आवाज आला... चक्... चक्... लेकरं झोपेत दूध ओढतात तसा. पण कोरडा.

"मंग..." बाई म्हणाली, "पानी व्हतं व्हय तवा?"

सुगंधाला काही कळलं नाही. इतक्यात घरातून मुक्ता रडली.

"थांबा हं, तुम्हाला प्यायला आणते," म्हणून ती आत धावली. मुक्ताला उचललं, माठातून तांब्या भरला, बाहेर आली.

शेडमध्ये कुणी नव्हतं.

रस्त्यापर्यंत सगळं उघडं रान. लपायला एक झाड नाही. कुणी नव्हतं.

शेडपुढं बोटभर फुफाटा होता. त्यात सुगंधाच्या चपलांचे ठसे होते. कोंबड्यांचे होते.

बाकी कुणाचेच नव्हते.

संध्याकाळी सासूबाई भाकरी थापत होत्या, तेव्हा तिनं त्यांना सांगितलं. सहज सांगावं तसं.

सारजाबाईंनी जाळ मागं ओढला.

"लेकरू कोणत्या काखंत व्हतं?"

"डाव्या."

"हाताला चिंध्या?"

"तुम्हाला कसं..."

"तू तिला काय सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं. मोट फाटलेली नव्हती म्हणून."

सारजाबाईंनी पिठाचा हात तसाच तोंडावर मारून घेतला. गालावर पाच बोटं पांढरी उमटली.

"खरं सांगायला तुला कुणी सांगितलं व्हतं गं, भवाने!"

सुगंधानं परत परत विचारलं. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "सकाळच्या गाडीनं लेकरू घिऊन बजाजनगरला जा. त्या कातड्याला हात लावू नगं."

सुगंधा सकाळी गेली नाही.

का गेली नाही, याची तिनं मला बरीच कारणं सांगितली. उन्हाची एस.टी. नको, बद्रीनाथ दुसऱ्या दिवशी येणारच होता.

"निमित्तं सगळी," म्हणाली. "एक हात राहिला होता तेलाचा. मेणाचा शेवटचा हात. तो टाकून जाववेना. लेकरू आजारी, सासू हात जोडते आणि मी... भिंत सजवत होते."

दुपारपर्यंत तो शेवटचा हात झाला. मोट काळीभोर, मऊसूत, जिवंत वाटावी अशी. कडूबाला हाताशी घेऊन तिनं ती शेडच्या खुंटीला टांगली. सोंड वर दुमडून बांधली, जुन्या पद्धतीनं.

"कडूबा मामा," तिनं दोरी आवळता आवळता विचारलं, "बाहत्तरला काय झालं होतं?"

कडूबा गाठ मारत राहिला. मग मोटेकडंच बघत बोलला.

"दुष्काळी काम व्हतं रोडाचं. खडी फोडायला लई बाया. दुपारच्याला इथं थारोळ्यावर यायच्या. मोट चालली की भांडं भरून घ्यायच्या. मालक काय म्हणत नसत. मंग पानी खाली गेलं. मोठ्या ताई, तुमच्या नणंदबाई, तवा तान्ह्या. बाईच्या, तुमच्या सासूबाईच्या, अंगावरचं दूध आटलेलं. एक दिस बाई म्हणल्या, कडूबा, मोट उतरव. फाटली म्हणून सांग."

"फाटली होती?"

"मी गडी मानूस, सूनबाई. सांगितलं तसं केलं."

"विहिरीत पाणी होतं?"

"घरापुरतं व्हतं."

"आणि त्या बायका?"

"गेल्या दुसरीकडं. एक तेवढी येत राह्यली. काखंत लेकरू. रोज दुपारी यायची न् इचारायची, बाई, मोट सांधली का? बाई म्हणायच्या, सांधली की ये."

कडूबानं गाठ आवळली.

"मंग यायची थांबली."

सुगंधा घराकडं पळाली.

मुक्ता पाळण्यात डोळे अर्धे उघडे ठेवून पडली होती. रडत नव्हती. रडण्याइतकं काही उरलंच नव्हतं. टाळू खोल गेलेली. चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहत होती. लंगोट सकाळपासून कोरडा.

तिनं बद्रीनाथला फोन लावला. "गाडी घेऊन या, कुणाचीही आणा, आत्ताच्या आत्ता या!" तो निघाला. कडूबा वाटेवर उभं राहायला फाट्याकडं पळाला. सुगंधा चमच्यानं पाणी पाजत राहिली. पाणी आत जायचं आणि कुठं जायचं, कळत नव्हतं. सारजाबाई पाळण्याशी बसल्या होत्या, पदर तोंडात कोंबून.

आणि बाहेर...

टप्... टप्...

सुगंधा मुक्ताला कडेवर घेऊन शेडपाशी गेली.

मोट फुगली होती.

रिकामी टांगलेली मोट, पोटुशी बाईसारखी तट्ट. खुंटी वाकलेली. शिवणीतून थेंब गळत होते. आत पाणी हिंदकळत होतं. आवाज येत होता.

तिच्यासमोर ती बाई उभी होती.

"मोट झाली, बाई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. आनंद होता. "तुम्ही सांगितलं व्हतं, सांधली की ये. मी आले."

फडक्यात... चक्... चक्...

"सोंड तेवढी सोडा. पोराला दोन घोट पाजते न् जाते."

सुगंधाचा हात दोरीकडं गेलासुद्धा. ती शपथेवर सांगते, गेला होता. पण तेवढ्यात कडेवरच्या मुक्तानं मान टाकली. आणि सुगंधाच्या मनात आलं... हे पाणी कुठून आलं? आटलेल्या विहिरीतून? की माझ्या लेकरातून? दोन घोट त्या पोराच्या पोटात गेले, तर हिच्यात काय उरेल?

खरं असेल, खोटं असेल. त्या क्षणी तिला तेवढंच दिसलं.

घरातून सारजाबाई ओरडल्या, "सुगंधा! फाटली म्हण! फाटली म्हण तिला!"

"फाटलीय," सुगंधा म्हणाली.

बाईनं तिच्याकडं बघितलं. "काल तर म्हन्लात, फाटलेली नव्हती."

"फाटलीय!"

खुंटीशेजारी गवताचा विळा अडकवलेला होता. सुगंधानं तो काढला आणि मोटेच्या पोटात घातला. वरपासून खालपर्यंत. इतक्या दिवसांत बोटांनी मनवलेलं चामडं... लोण्यासारखं चिरलं.

पाणी भसकन खाली आलं. गार, गाळाच्या वासाचं, घागरी न् घागरी पाणी. फुफाट्यात पडलं आणि जमीन ते प्यायला लागली.

बाई ओरडली नाही. शिव्या दिल्या नाहीत. ती खाली बसली आणि चिंध्या बांधलेल्या हातांनी पाणी गोळा करायला लागली. ओंजळीत घ्यायची, फडक्याकडं न्यायची. तोवर बोटांतून गळून जायचं. परत घ्यायची. परत.

सुगंधा विळा धरून बघत उभी होती. वाकली असती तर त्या बाईच्या हाताला हात लागला असता, एवढ्या अंतरावर.

ती वाकली नाही.

पाणी संपलं. बाईनं ओली माती मुठीत धरली, सोडली. मग वर बघितलं. सुगंधाकडं नाही, मुक्ताकडं.

"असू द्या, बाई," ती म्हणाली. "तुमचं लेकरू बरं हाय ना?"

रस्त्यावर हॉर्न वाजला. सुगंधानं तिकडं मान वळवली. परत बघितलं, तर...

शेड रिकामी.

आणि कडेवर, तिच्या साडीला, कोमट ओल पसरत होती. मुक्तानं लंगोट ओला केला होता.

शहरात नेईपर्यंत पोरीनं डोळे उघडले होते. दोन दिवस सलाईन लागलं. मुक्ता वाचली. आता शाळेत जाते, भलतीच अवखळ आहे.

पण गोष्ट इथं संपत नाही.

बद्रीनाथनं नंतर शेतावर जाऊन मोट बघितली. शेडपुढं म्हणे पाण्याचा डाग नव्हता. फुफाटा होता तसा कोरडा. आणि ती चीर... ती बघून त्यानं सुगंधाला फोन केला.

"तू चिरली म्हणतेस, पण ही चीर जुनी आहे गं. कड अगदी वाळून खडंग झालीय. चाळीस वर्षांची तरी असेल."

सगळ्यांनी बघितली. कडूबानं बोट फिरवून बघितलं आणि हात धोतराला पुसला. चामडं सगळीकडं मऊ. चिरेच्या दोन्ही कडा तेवढ्या कडकडीत, पांढऱ्या.

सारजाबाईंनी ती मोट मांडीवर घेतली आणि ओक्साबोक्शी रडल्या.

"बघा," प्रत्येकाला त्या दाखवत सुटल्या. "फाटलीच व्हती. मी खोटं बोलले नव्हते. मोट फाटलीच व्हती!"

इतकी वर्षं त्यांनी दुपारी कधी पाठ टेकली नव्हती. आता जेवण झालं की पदर तोंडावर घेतात आणि घोरायला लागतात. सुनेवर तर एवढी माया, की शेजारणी नावं ठेवतात. सुगंधाचं ताट त्या स्वतः वाढतात. तिला उठू देत नाहीत. "माझी गुणाची बाई ती," म्हणतात.

सुगंधाला ते सोसत नाही. ती म्हणते, "ती चीर माझी आहे. मी केलीय. विळ्याखाली चामडं कसं गेलं, ते माझ्या हाताला माहितेय. पण कुणी मला ती देत नाही."

हुरडा पार्टी सुरू झाली नाही. शेड रिकामी आहे. मोट कडूबानं कुठं पुरली, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

मलाही आता एक लेकरू आहे. भर दुपारी सगळीकडं सामसूम झाली आणि दारावर कुणी मजूरबाई दिसली, की मी आधी तिची काख बघते. लाज वाटते. पण बघते.

मागच्या आठवड्यात सुगंधाचा फोन आला होता. बोलणं संपत आलं तसं मी आपलं सवयीनं विचारलं, "मुक्ता बरी आहे ना गं?"

पलीकडं शांतता.

मला वाटलं फोन कट झाला. मग तिचा श्वास ऐकू आला.

"बरी आहे," ती म्हणाली.

आणि अगदी हळू, जणू शेजारी कुणी झोपलंय...

"मी त्या बाईला उलटून विचारलंच नाही गं. तिचं लेकरू कसं आहे म्हणून."